सोळाशे मीटर आणि मधली दोन मिनिटं

पहाटे साडेपाचला आमच्या तालुक्याच्या मैदानावर उजेड असतो तो मोबाइलच्या टॉर्चचाच. फक्की मारून आखलेला चारशे मीटरचा मुरमाड ट्रॅक आणि त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी तीस-चाळीस मुलं-मुली. गेल्या महिन्यात त्यांतला एक जण धापा टाकत माझ्याजवळ आला आणि मनगटावरचं घड्याळ पुढं करत म्हणाला, "सर, तीन महिने झाले, रोज सोळाशे मारतोय. पाच चाळीसच्या खाली टायमिंग यायला तयार नाही. तिसऱ्या राऊंडला पाय असे भरून येतात की उचलतच नाहीत. लॅक्टिक ॲसिड साचतं म्हणे. ते काढायचं कसं?"

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की त्यावर नीट लिहायचं ठरवलं. त्यात दोन गैरसमज एकमेकांत गुंतलेले आहेत. एक म्हणजे रोज परीक्षा दिली की अभ्यास झाला. दुसरा म्हणजे लॅक्टिक ॲसिड हा पायात साचणारा कचरा आहे.

आधी आकडे बघू. मुलांच्या सोळाशे मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत चार फेऱ्या संपवाव्या लागतात. म्हणजे एका फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद, ताशी साडेअठरा किलोमीटरचा वेग. या मुलाची फेरी ८५ सेकंदांची. प्रत्येक फेरीत साडेसात सेकंद कमी करायचे आहेत आणि ते जोर लावून कमी होत नाहीत, कारण जोर तो आधीच सगळा लावतोय.

स्नायूला ऊर्जा मिळते ती एटीपी या रेणूपासून. त्याचा साठा जेमतेम काही सेकंद पुरेल एवढाच, त्यामुळे तो सतत नव्याने बनवावा लागतो. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडलं तर एका रेणूमागे २ एटीपी हाती येतात. तेच ग्लुकोज तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जेची भट्टी) ऑक्सिजनच्या मदतीनं पूर्ण जाळलं तर जवळपास ३०. पाच मिनिटांच्या शर्यतीत सुमारे ८० टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्याच वाटेनं येते. सोळाशे ही दमसासाची शर्यत आहे हे इथं पक्कं करून घ्या, कारण पुष्कळ मुलं तिची तयारी शंभर मीटरसारखी करतात.

गंमत अशी की ऑक्सिजनची ही यंत्रणा शिट्टी वाजल्याबरोबर पूर्ण वेगानं सुरू होत नाही. हृदय, रक्तवाहिन्या, स्नायू यांचा मेळ बसून ऑक्सिजनचा वापर वरच्या पातळीला पोचायला दोन-एक मिनिटं लागतात. म्हणजे रोज एकदा जीव तोडून सोळाशे धावणाऱ्याला या यंत्रणेवर खरा ताण मिळतो तो शेवटची तीन मिनिटं. तेवढ्यात तो संपतो आणि कठड्यावर जाऊन बसतो. तीन मिनिटांच्या कामावर शरीर किती बदलणार?

यावरचा तोडगा जर्मनीत १९३०च्या दशकात निघाला. वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइन्डेल हे हृदयतज्ज्ञ. त्यांनी अंतराचे तुकडे पाडले. धावपटूच्या नाडीचे ठोके मिनिटाला १८० पर्यंत नेणारी एक धाव, मग ठोके १२० वर येईपर्यंत थांबणं, की लगेच पुढची धाव. ठोके दीड मिनिटात १२० वर आले नाहीत तर धाव जास्त जोरात झाली असं समजायचं. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग यानं १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला आणि तो पुढं सोळा वर्षं टिकला.

या पद्धतीला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात, आणि इथंच आपल्याकडं बहुतेकांचा घोटाळा होतो. इंटरव्हल म्हणजे जोरात मारलेला राऊंड असं सगळे समजतात. इंटरव्हल म्हणजे दोन धावांमधली विश्रांती! सिनेमातलं मध्यंतर तसंच. राइन्डेल यांचं म्हणणं होतं की धाव थांबल्यावर ठोके तर उतरू लागतात, पण पायांकडून हृदयाकडं येणारा रक्ताचा लोंढा लगेच आटत नाही. त्यामुळे त्या अर्ध्या-एक मिनिटात हृदयाचा कप्पा ठोक्यागणिक जास्त भरतो, ताणला जातो आणि एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतो. प्रत्यक्ष धावण्याचा वाटाही मोठा आहे असं आज मानलं जातं. पण मुद्दा खरा आहे. सरावानं हृदयाचे कमाल ठोके वाढत नाहीत, वाढतं ते एका ठोक्यात फेकलं जाणारं रक्त.

तुकडे पाडल्यानं काय साधतं हे १९६० मध्ये स्टॉकहोमच्या ओस्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी फार सुंदर दाखवलं. व्यायामाच्या सायकलवर एक माणूस जो भार सलग ओढताना दहा मिनिटांच्या आत गळून जात होता, तोच भार त्यानं अर्धं मिनिट काम, अर्धं मिनिट आराम असा एक तास ओढला. शिवाय त्याच्या रक्तात लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप, फारसं वाढलंही नाही. तीन मिनिटं काम, तीन मिनिटं आराम असं केलं तेव्हा मात्र तो पुरता दमला आणि लॅक्टेट भरपूर वाढलं. एकूण काम तेवढंच, एकूण आराम तेवढाच. फरक होता तो फक्त कुठं कापलं याचा.

आता लॅक्टेट. हा माझा आवडता विषय आहे, तेव्हा जरा सावकाश जाऊ.

१७८० मध्ये कार्ल शेले यानं आंबलेल्या दुधातून हे आम्ल वेगळं केलं, म्हणून आपण त्याला दुग्धाम्ल म्हणतो. दह्याची आंबट चव त्याचीच. पुढं बेडकाचे स्नायू वेगळे काढून विजेच्या झटक्यांनी थकवले तेव्हा त्यांत दुग्धाम्ल जमलेलं सापडलं. थकवा आला तिथं दुग्धाम्ल होतं, म्हणून दुग्धाम्लानंच थकवा आणला असा निष्कर्ष निघाला आणि पुढची कित्येक दशकं तो पाठ्यपुस्तकांत राहिला. आग लागली तिथं बंब दिसला म्हणून आग बंबानं लावली म्हणण्यासारखं आहे हे.

प्रत्यक्षात काय घडतं ते साखर कारखान्यावरून समजावतो. ग्लुकोज फोडणं म्हणजे ऊसतोड. तोडलेला ऊस, म्हणजे ग्लुकोजमधून सुटलेले इलेक्ट्रॉन, वाहून न्यायला ट्रॉल्या लागतात. पेशीतल्या या ट्रॉलीचं नाव एनएडी. भरली की ती एनएडीएच होते. ती तंतुकणिकेच्या, म्हणजे कारखान्याच्या गव्हाणीत रिकामी होते आणि परत फडात येते. आरामात पळताना हे चक्र सुरळीत चालतं. पण तिसऱ्या राऊंडला तोड इतक्या झपाट्यानं होते की कारखान्याच्या आवारात भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉल्यांची संख्या मोजकी. फडात रिकामी ट्रॉली नाही म्हणजे तोड बंद. पाय तिथंच थांबायला हवेत.

ते थांबत नाहीत, कारण ग्लुकोजचाच अर्धा तुकडा, पायरुवेट, पुढं होऊन ट्रॉलीतला माल आपल्या अंगावर घेतो. माल घेतलेला पायरुवेट म्हणजेच लॅक्टेट. ट्रॉली रिकामी झाली, फडात परतली, तोड चालू राहिली. वर या अभिक्रियेत एक हायड्रोजन आयन खर्ची पडतो, म्हणजे लॅक्टेट बनताना आम्लता उलट थोडी कमी होते. आम्लता वाढते ती मुख्यतः प्रचंड वेगानं एटीपी मोडल्यामुळं. तिसऱ्या राऊंडला पाय जड होण्यामागं हे हायड्रोजन आयन, मोकळं झालेलं फॉस्फेट, पेशीबाहेर गळणारं पोटॅशियम आणि मेंदूनं ओढलेला लगाम अशी अनेक कारणं एकत्र असतात.

मग त्या लॅक्टेटचं होतं काय? कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८०च्या दशकापासून हेच लावून धरलं. लॅक्टेट हा दुसऱ्या कारखान्याकडं पाठवलेला ऊस आहे. जोराच्या पांढऱ्या तंतूंत ते तयार होतं. पेशीच्या भिंतीत एमसीटी-४ नावाचं दार असतं, त्यातून ते बाहेर पडतं आणि जाताना एक हायड्रोजन आयनही सोबत नेतं. शेजारच्या तांबड्या, दमदार तंतूंत आणि हृदयात एमसीटी-१ नावाचं दार असतं, तिथून ते आत शिरतं. आत त्याचं पुन्हा पायरुवेट होतं आणि ते तंतुकणिकेत जळतं. उरलेलं यकृतात जातं, तिथं त्यापासून परत ग्लुकोज बनतं. जोरात धावणाऱ्या माणसाचं हृदय मोठ्या आवडीनं लॅक्टेट जाळतं. जे काढून टाकायचं म्हणून ही मुलं धडपडतात, त्यावर त्यांचंच हृदय चाललेलं असतं.

मधल्या दोन मिनिटांत हेच चाललेलं असतं. जोराच्या राऊंडनं रक्तात लॅक्टेट ओतलं, विश्रांतीत तांबड्या तंतूंनी ते उचललं, पुन्हा ओतलं, पुन्हा उचललं. काही आठवड्यांत ही दारं वाढतात आणि तंतुकणिकाही वाढतात. एटीपी मोडून पेशीत एएमपी साचलं की एएमपीके नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं, त्यातून पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन कामाला लागतं आणि पेशीच्या केंद्रकाला नव्या तंतुकणिका बांधायचा निरोप जातो. हा शेवटचा भाग अवघड वाटला तर सोडून द्या, पण एवढं ध्यानात ठेवा की बांधकाम मैदानावर होत नाही. ते पुढच्या दिवस-दोन दिवसांत, जेवणातून आणि झोपेतून होतं.

विश्रांतीत मटकन बसू नका असं मी सांगतो तेही याचसाठी. चालत राहा किंवा हळू जॉगिंग करा. तांबडे तंतू चालू राहिले तर लॅक्टेट लवकर जळतं.

आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते? कितीही जोरात धावलात तरी साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट पूर्वपदाला येतं. मंगळवारी दुखणाऱ्या मांड्यांचा दोष रविवारच्या लॅक्टेटवर येऊच शकत नाही. सिंहगड चढताना धाप लागते, लॅक्टेट वाढतं, पण मांड्या धरतात त्या उतरल्यावर. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं त्याचं.

इथं थोडं कडक बोलायला हवं. आम्ल म्हटलं की त्यावर उतारा विकणारे येतातच. अल्कलाइन पाण्याची बाटली घेतलीत तरी ते पाणी पहिल्यांदा पोटातल्या तीव्र आम्लात पडतं, आणि रक्ताचा सामू (पीएच) फुप्फुसं आणि मूत्रपिंडं इतक्या काटेकोरपणे सांभाळतात की बाटलीला तिथं वाव नाही. मालिशनं बरं वाटतं, ते जरूर करा, पण त्यातून लॅक्टिक ॲसिड पिळून निघत नाही. कमरेला बांधलेला दोरा टायमिंग कमी करत नाही. आणि भरतीच्या आधी कुणी ताकदीचं इंजेक्शन किंवा उत्तेजक गोळी देऊ केली तर तिथून निघून या. उन्हात, घाबरलेल्या अवस्थेत, ठोके कमाल पातळीवर असताना हृदयाला आणखी चाबूक मारायचा हा प्रकार जिवावर बेततो.

त्या मुलाला मी काय सांगितलं? रोजचं सोळाशे पूर्ण बंद. मंगळवारी सहा वेळा चारशे मीटर, प्रत्येक ८२ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. पहिल्या राऊंडला हे सोपं वाटतं आणि मुलं ७४ मध्ये मारून मोकळी होतात, मग पाचव्याला ९० लागतात. सहाही राऊंड दोन सेकंदांच्या आत सारखे आले तरच पुढच्या आठवड्यात ८० वर यायचं, मग ७८ वर. शुक्रवारी लांब तुकडे, तीन-चार मिनिटांचे चार, मध्ये तीन मिनिटं हळू जॉगिंग. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी २००७ मध्ये अशाच चार गुणिले चार मिनिटांच्या सरावाची तुलना तेवढंच एकूण काम करून सलग धावण्याशी केली. आठ आठवड्यांत तुकड्यांच्या गटाची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता ७ टक्क्यांच्या आसपास वाढली, सलग धावणाऱ्यांची वाढली नाही. बाकी दिवस गप्पा मारता येतील इतकं हळू पळायचं आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. हळू पळणं या मुलांना सगळ्यात जड जातं, कमीपणा वाटतो. पण दमसासाचे मोठे खेळाडूही बहुतेक किलोमीटर असेच संथ काढतात.

बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला. दर चारशे मीटरला सरासरी साडेपासष्ट सेकंद, तेही ३५ अडथळे ओलांडत. रौप्यपदक मिळालं, सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदानं हुकलं. तो वेग एका राऊंडला गाठणारी मुलं आमच्या मैदानावरही आहेत. साडेसात राऊंड टिकवणं हे वर्षानुवर्षं जमवलेल्या तंतुकणिकांचं काम आहे.

ग्राऊंडच्या, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीच्या, आधीचे दहा दिवस नवं काही कमवायचे नसतात. राऊंडचा वेग तोच ठेवून संख्या निम्म्यावर आणायची, म्हणजे मंगळवारी सहाऐवजी तीन. आदल्या दिवशी वीस मिनिटं हलकं पळणं. नवे बूट नकोत, नवं खाणं नको, सवयीची भाकरी किंवा पोहे अडीच-तीन तास आधी. भरतीच्या ठिकाणी नंबर यायला तासन्‌तास लागतात, त्यामुळे सावली धरा, थोडं थोडं पाणी पीत राहा, आणि बॅच पुकारायच्या आधी दहा मिनिटं जॉगिंग व दोन-तीन छोट्या जोराच्या धावा कराच. ऑक्सिजनची यंत्रणा आधीच तापलेली असली तर पहिल्या राऊंडला उधारी, म्हणजे ऑक्सिजनशिवाय काढावी लागणारी ऊर्जा, कमी होते. छातीत दुखलं, भोवळ आली तर थांबा. भरती पुन्हा येते.

आणि पहिला राऊंड. शिट्टी झाली की सगळी बॅच ७० च्या वेगानं सुटते, कडेला उभे असलेले मित्र "हाण हाण" ओरडत असतात. त्या मुलाच्या वहीत मी चार आकडे लिहून दिलेत: ७८, ७८, ७८, ७५. कालच्या मंगळवारी त्यानं सहा राऊंड काढले, सगळे ७९ आणि ८० मध्ये. शेवटचा संपल्यावर तो बसला नाही, हात कमरेवर ठेवून ट्रॅकच्या कडेनं चालत राहिला, घड्याळात दोन मिनिटं होईपर्यंत.