रावेन्नातली दोन सांत अपोलिनारे

माझी आत्तेबहीण पहिल्यांदा रावेन्नाला आली तेव्हा मला रजा नव्हती. सकाळी कामावर निघताना तिच्या हातात एक कागद दिला, आज काय बघायचं आणि उद्या काय. दुपारी तिचा फोन आला. "अगं, सांत अपोलिनारे तू दोनदा लिहिलंयस. एकदा बघून झालं, दुसरं मी खोडून टाकलं." त्या रात्री तिला समजावून सांगता सांगता अकरा वाजले, आणि रविवारी आम्ही दोघी मिळून दुसऱ्या सांत अपोलिनारेला गेलो. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे आधीच सांगते.

रावेन्ना हे इटलीतलं शहर, बोलोन्याहून साध्या रेल्वेगाडीने साधारण सव्वा तासावर आहे. 402 साली सम्राट होनोरियसने पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी मिलानहून इथे आणली. भोवती दलदल होती, त्यामुळे शत्रूला जमिनीवरून येणं अवघड. शेजारी बंदर होतं, त्यामुळे समुद्रातून रसद आणणं सोपं. 476 मध्ये ते साम्राज्य संपलं. पुढे गॉथ राजा थिओडोरिकने इथून इटलीवर राज्य केलं आणि 540 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचं, म्हणजे बायझंटाइन, सैन्य शहरात शिरलं. एवढ्या उलथापालथीत जे बांधलं गेलं त्यातल्या आठ वास्तू 1996 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. त्या आठांतल्या दोन चर्चचं नाव सांत अपोलिनारे.

एक आहे सांत अपोलिनारे नुओवो. ती शहरात, विया दी रोमा या रस्त्यावर, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दुसरी सांत अपोलिनारे इन क्लासे. ती शहराबाहेर, दक्षिणेला सुमारे पाच किलोमीटरवरच्या क्लासे गावात. दोन्ही विटांच्या, दोन्ही बॅसिलिका, म्हणजे लांबट आकाराची चर्च, दोन्हीकडे बाजूला गोल मनोरा, आत दोन्हीकडे संगमरवरी खांबांच्या दोन रांगा आणि मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली भिंतींवरची चित्रं. फोटोत गफलत होणं अगदी साहजिक आहे.

खरा घोळ नावातच आहे. नुओवो म्हणजे नवं. पण दोघींत जुनी आहे ती हीच. थिओडोरिकने सहाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आपल्या राजवाड्याशेजारी ती बांधून घेतली. क्लासेची बॅसिलिका 549 मध्ये आर्चबिशप माक्सिमियनच्या हस्ते पवित्र झाली, म्हणजे चांगली चार-पाच दशकं नंतर. पुण्यात शंभरी ओलांडलेल्या पुलाला लोक अजून नवा पूलच म्हणतात, पण तो कधीकाळी खरोखर नवा होता. या चर्चला नुओवो हे नाव मिळालं तेव्हा ते साडेतीनशे वर्षांचं होतं.

झालं असं. अपोलिनारे हा रावेन्नाचा पहिला बिशप, शहराचा संत. त्याचं दफन क्लासेत झालं असं परंपरा सांगते, आणि तिथली बॅसिलिका त्या जागेसाठीच उभारली. नवव्या शतकापर्यंत क्लासेचं बंदर गाळाने भरून गेलं होतं, वस्ती विरळ झाली होती, किनाऱ्यावर चाच्यांची भीती होती. म्हणून संताच्या अस्थी तटबंदीच्या आतल्या चर्चमध्ये हलवल्याचं सांगतात. अपोलिनारेचं नवं घर, म्हणून नुओवो. नाव चर्चच्या वयावरून पडलेलं नाही, संताच्या मुक्कामावरून पडलं आहे. एवढं ध्यानात ठेवलंत तर दोघींची गल्लत पुन्हा होणार नाही.

नुओवोची नावं तरी किती बदलली! थिओडोरिकने ते येशू ख्रिस्ताला वाहिलं होतं. पण थिओडोरिक अरियन पंथाचा. (हा शब्द आपल्या कानाला 'आर्य'सारखा लागतो, पण त्याचा आर्यांशी काही संबंध नाही, अरियस नावाच्या धर्मगुरूवरून तो आला.) येशू देवाचा पुत्र आहे, पण पित्याच्या बरोबरीचा नाही, असं हा पंथ मानी. बायझंटाइनांच्या लेखी हे पाखंड. शहर हाती आल्यावर 561 च्या सुमारास बिशप अन्येल्लोने अरियनांची चर्च आपल्या पंथाकडे घेतली आणि हे चर्च संत मार्टिनला वाहिलं, कारण मार्टिन अरियनांचा कट्टर विरोधक. अपोलिनारेचं नाव लागलं त्यानंतर तीन शतकांनी.

हा सगळा इतिहास आजही भिंतींवर वाचता येतो. शनिवारी नुओवो, रविवारी क्लासे असा बेत ठेवा. नुओवोत आत गेल्यावर लगेच पुढे जाऊ नका. उजव्या भिंतीच्या दाराकडच्या टोकाला थिओडोरिकचा राजवाडा दाखवला आहे, वर पालातियुम अशी अक्षरं. खांबांच्या मध्ये पांढरे पडदे गाठ मारून बांधलेले दिसतात. त्या पडद्यांच्या जागी पूर्वी माणसं होती, बहुधा राजा आणि त्याचा दरबार. अन्येल्लोच्या काळात ती काढून टाकली आणि पडदे बसवले. पण काम करणाऱ्यांनी खांबांवरून आलेले हात तसेच ठेवले. आजही काही खांबांवर नुसता पंजा, नुसतं मनगट दिसतं, आणि त्या हाताचा माणूस मात्र कुठेच नाही. मी इतक्यांदा तिथे गेले आहे, तरी दर वेळी त्या हातांशी थबकते. सत्ता बदलल्यावर आधीच्यांची आठवण पुसायची कशी, आणि ती किती अर्धवट पुसली जाते, हे मला पुस्तकांपेक्षा त्या भिंतीने जास्त शिकवलं.

राजवाड्यापासून वेदीच्या दिशेने 26 हुतात्मे चालले आहेत. जवळजवळ सगळे पांढऱ्या वस्त्रांत, हातात मुकुट. सर्वांत पुढचा गडद जांभळट अंगरख्यात आहे, तो मार्टिन: चर्च त्याच्या नावावर होतं ना, त्याचा मान पहिला. डोक्यांवरची नावं वाचत मागे या, रांगेत अपोलिनारेही सापडेल, इतरांसारखाच एक. आज पाटीवर त्याचं नाव आहे, पण मोझेकला ते माहीत नाही.

समोरच्या डाव्या भिंतीवर 22 कुमारिका, त्यांच्या पुढे भेटी घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष. दुपारी दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन आलं की ही भिंत उजळते, त्या वेळी जा. या बायका जिथून निघाल्या ते ठिकाण नीट बघा: दोन बुरूज, मध्ये निळं पाणी, त्यात जहाजं, आणि बाजूला नाव, चिवितास क्लासिस. म्हणजे क्लासे शहर. जमलं तर त्याचा फोटो काढून ठेवा, उद्या लागेल.

सर्वांत वर, छताखाली, येशूच्या आयुष्यातले 26 छोटे प्रसंग आहेत. हे थिओडोरिकच्या काळातले मूळचे. डावीकडे चमत्कार आणि बोधकथा, तिथला येशू तरुण, बिनदाढीचा. उजवीकडे त्याच्या छळाचे आणि पुनरुत्थानाचे प्रसंग, तिथे दाढी आहे. लहान दुर्बीण जवळ असेल तर इथे तिचं सार्थक होतं.

शनिवारची बाकीची दुपार सान विताले हे चर्च आणि सम्राट होनोरियसची बहीण गाल्ला प्लाचिदिया हिची समाधी यांच्यासाठी ठेवा. त्यांच्याबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. समाधीत मोजकीच माणसं थोड्या वेळापुरती सोडतात, म्हणून वेळ आधी आरक्षित करा. या दोन्ही वास्तू, नुओवो, नेओनियानो बाप्तिस्मागृह आणि आर्चबिशपचं संग्रहालय एकाच तिकिटात येतात. क्लासेचं तिकीट वेगळं. एकत्र तिकिटावर अपोलिनारे हे नाव वाचून दोन्ही बघता येतील असं समजणारे पुष्कळ भेटतात.

बाप्तिस्मागृहांचीही इथे अशीच जोडी आहे. दोन्ही आठ कोनांची, दोन्हींच्या घुमटात येशूचा बाप्तिस्मा आणि भोवती बारा शिष्य. नेओनियानो हे मूळ पंथाचं आणि आधीचं, पाचव्या शतकातलं. तिथे भिंतीही खालपर्यंत मढवलेल्या आहेत, शिष्यांमागची पार्श्वभूमी गडद निळी. दुसरं थिओडोरिकने अरियनांसाठी बांधलेलं. तिथे फक्त घुमटातलं मोझेक उरलं आहे, आणि सोनेरी पार्श्वभूमीवर येशू कोवळ्या पोराएवढा दिसतो. शेजारी जॉर्डन नदी म्हाताऱ्याच्या रूपात बसली आहे, डोक्यावर खेकड्याच्या लाल नांग्या. घाई असेल तर हे दुसरं आधी बघा. पाच मिनिटांत होतं, आणि रिकाम्या भिंतींमुळे नजर सरळ वर जाते.

रात्री पियादिना खा. गव्हाच्या पिठाची, यीस्ट न घालता तव्यावर भाजलेली ही भाकरी म्हणजे आपल्या माणसाला लगेच ओळखीची वाटते. रावेन्नाकडची जराशी जाड असते, रिमिनीकडची पातळ. स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ, सैलसर चीज आणि रुकोलाची पानं घालून घ्या. शाकाहारी असाल तर एक गोष्ट विचाराच: पारंपरिक पिठात स्त्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी, असते. पुष्कळ ठिकाणी ऑलिव्ह तेलातलीही मिळते, तेव्हा "सेन्झा स्त्रुत्तो" म्हणा. कापेल्लेत्तीत, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात, सारण चीजचं असलं तरी रस्सा मांसाचा असतो, तेही लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी क्लासे. रिमिनीच्या दिशेने जाणाऱ्या गाडीचं क्लासे हे पहिलं स्टेशन, पण प्रत्येक गाडी थांबत नाही, तेवढं बघून घ्या. शहरातून बसही जाते. मी सायकलने जाते, सगळा रस्ता सपाट आहे.

नुओवो रस्त्याच्या कडेला घरांमध्ये दाटीने उभी आहे. क्लासेची बॅसिलिका मोकळ्या हिरवळीवर एकटी, दुरूनच दिसते. समोरच्या गवतात ब्राँझच्या म्हशी आहेत, आजच्या काळातल्या शिल्पकाराने केलेल्या. मुलं त्यांच्या पाठीवर चढून बसतात.

आत गेल्यावर पहिल्यांदा काहीसं ओकंबोकं वाटेल. बाजूच्या भिंतींवर नुसत्या विटा. एकेकाळी तिथे संगमरवर होता. 1449 मध्ये रिमिनीचा सत्ताधीश सिजिस्मोंदो मालातेस्ता तो आपल्या चर्चसाठी काढून घेऊन गेला. पण दोन रांगांतले 24 खांब बघा, दगडातल्या रेषा लाटांसारख्या आडव्या वाहतात. आणि मग वेदीमागचा अर्धघुमट.

तिथे सगळं हिरवं आहे. झाडं, झुडपं, खडक, पक्षी, फुलं. मधोमध अपोलिनारे हात वर करून प्रार्थना करतो आहे, आणि दोन्ही बाजूंनी सहा-सहा मेंढ्या. काल तो रांगेतला एक होता, इथे पूर्ण कुरण त्याचं. त्याच्या डोक्यावर मोठं निळं वर्तुळ, त्यात 99 चांदण्या आणि रत्नजडित क्रूस. क्रूसाच्या अगदी मध्यभागी येशूचा चेहरा आहे, नाण्याएवढा भासणारा. तो शोधावा लागतो. वर्तुळाच्या दोन बाजूंना मोझेस आणि एलायजा, खाली तीन मेंढ्या: पीटर, जेम्स आणि जॉन. बायबलमध्ये डोंगरावर येशूचं रूप पालटून तेजस्वी होतं, तो हा प्रसंग. पण येशू माणसाच्या रूपात नाही, शिष्यही नाहीत. नुओवोत एकेक प्रसंग माणसांतून सांगितला आहे, इथे क्रूस आणि मेंढ्यांतून. दोघींतली मला कुठली जास्त आवडते असं विचाराल तर क्लासे. तिथे बाकावर बसलं की कुणी उठवत नाही, आणि अर्धा तास कसा जातो कळत नाही.

दोन्ही एकाच दिवशी उरकता येतात, पण माझा आग्रह असतो की मध्ये एक रात्र जाऊ द्या. आणि क्रम उलटा करू नका.

बॅसिलिकेपासून थोड्या अंतरावर जुन्या बंदराचं उत्खनन आहे. रोमन आरमाराचा तळ ऑगस्टसने इथे उभारला. लॅटिनमध्ये क्लासिस म्हणजेच आरमार, गावाचं नाव त्यावरून. आता तिथे गोदामांचे कमरेएवढे पाये आहेत, फरसबंद रस्ता आहे, भोवती शेतं. त्या रविवारी बहिणीने आदल्या दिवशी नुओवोत काढलेला फोटो मोबाइलवर उघडला: दोन बुरूज, निळं पाणी, जहाजं. तिने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा समोरच्या गवताकडे. मग मला विचारलं, "समुद्र कुठेय?" मी पूर्वेकडे हात केला. शेतांपलीकडे क्लासेची पाइनची झाडी दिसत होती, समुद्र त्याच्याही पलीकडे.