गिटारच्या पोटातल्या वायरी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पंपाची मोटार जळाली की ती पुन्हा बांधून देणारं दुकान शोधायला फार फिरावं लागत नाही. माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार अशाच एका दुकानात उघडली गेली. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात मांडवातल्या ट्यूबलाइट लागल्या की ती घूंऽऽ करायची. तारांवर बोट टेकवलं की घरघर कमी व्हायची. दुकानातल्या काकांनी वरची प्लास्टिकची पाटी उचलली, पिकअपकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "वायर तीच की रे, नुसती केसासारखी बारीक."

ते अगदी खरं होतं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली इनॅमलची तांब्याची तार. साधारण ४२ गेजची, म्हणजे ०.०६३ मिलिमीटर जाडीची, आणि वेढे आठ हजारांच्या आसपास. वरची स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये बारीकसा विद्युत संकेत तयार होतो. जॉर्ज बोशॅम्प यांनी १९३१-३२ च्या सुमारास रिकनबॅकरच्या हवाईयन गिटारवर हे साधलं. पण तीच कॉइल मांडवातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघरही ओढून घेते. पुढच्या बऱ्याच उद्योगाचं मूळ इथे आहे.

गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोड काढली. दोन कॉइल शेजारी-शेजारी, पण वेढे आणि चुंबक दोन्ही उलटसुलट. त्यामुळे तारांचा आवाज एकमेकांत मिळतो आणि घरघर एकमेकीला खाऊन टाकते. हाच हंबकर.

फेंडर या दुसऱ्या कंपनीची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण तिथे वाजवणारे कारखान्याच्या पुढे गेले. त्यांच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला, म्हणजे स्ट्रॅटला, तीन पिकअप होते, पण स्विच तीनच जागांचा. एका वेळी एकच पिकअप वाजायचा. वादकांना कळलं की स्विचची दांडी दोन जागांच्या मध्ये अडकवली तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि पातळ, टणत्कारी असा वेगळाच सूर येतो. दांडी तिथे टिकत नसे, तरी लोक ती तशीच धरून ठेवत. कंपनीने पाच जागांचा स्विच बसवायला १९७७ उजाडलं. म्हणूनच "कारखान्यातून आलं तसंच असू द्या" हा सल्ला मला पटत नाही.

टोनच्या बटणाला जोडलेला कपॅसिटर वरच्या पट्टीतला चरचरीतपणा जमिनीत सोडतो. तंबोऱ्याची जवारी आपण खुली किंवा बंद म्हणतो ना, बरोबर तसा कानाला फरक पडतो. मिरजेला जवारी काढताना जवळ बसून ऐकलं असेल तर लगेच उमगेल. सुरुवातीच्या स्ट्रॅटला ०.१ मायक्रोफॅरड असायचा, पुढे तो निम्म्यावर आला. हंबकरला ०.०२२ पुरतो. मोल या आकड्याचं आहे. जुन्या तेलाच्या कपॅसिटरवर हजारो रुपये घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पॉटचंही, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या फिरत्या रोधाचंही, तसंच. एकेरी कॉइलला २५० किलोओहम, हंबकरला ५००. पॉट जितका मोठा, तितकी वरची पट्टी शिल्लक राहते. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात २२० आणि ४७० मिळतात, ते बिनधास्त घ्या; पॉटमध्ये वीस टक्क्यांचा फरक चालतोच. फक्त ए अक्षराचा, म्हणजे लॉग, घ्या. व्हॉल्यूमला बी, म्हणजे लिनिअर, घेतला तर बटण कमी करताना सगळा आवाज शेवटच्या थोड्याशा फिरकीत पडतो.

पन्नाशीच्या दशकातल्या गिब्सनमध्ये टोनची वायर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला जोडलेली असे, पुढे ती कडेच्या पायावर गेली. एवढ्यानेही फरक पडतो: जुन्या पद्धतीत व्हॉल्यूम कमी केला तरी आवाज मातीसारखा होत नाही.

माझ्या गिटारच्या खाचेला काकांनी आतून तांब्याची चिकटपट्टी लावली, ती पॉटच्या पाठीला डाख देऊन जोडली आणि मांडवातली घरघर बरीच उतरली. मग मी आणखी एक मागणी केली. स्ट्रॅटच्या मूळ वायरिंगमध्ये ब्रिजकडच्या, म्हणजे तारांच्या घोडीजवळच्या, पिकअपला टोनच नसतो, त्यामुळे तो कानाला टोचतो. काकांनी मधल्या पिकअपच्या टोनकडून स्विचच्या मोकळ्या पायापर्यंत बोटभर वायर टाकली. १९५४ पासून तो पाय रिकामाच होता.