किनारपक्ष्यांचे वर्तननिरीक्षण (मराठवाड्यातील जलाशय)

उथळ पाणी आणि ओला गाळ यांच्या सीमेवर अन्न शोधणाऱ्या टिटवी, चिखल्या, तुतवार, टिलवा, शेकाट्या, पाणटिवळा इत्यादी पक्ष्यांचे खाणे, त्यांच्या हालचाली आणि हद्दीवरून होणारे संघर्ष ठरावीक पद्धतीने पाहून नोंदवण्याचा क्षेत्राभ्यास. दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना (१९८७ पासून) पक्ष्यांची संख्या सांगते. ते काठावर नेमके काय करतात, हे या अभ्यासातून कळते.

या पक्ष्यांविषयीचे बरेचसे ज्ञान समुद्रकाठच्या अभ्यासांतून आले आहे. तेथे भरती-ओहोटीमुळे गाळ रोज उघडा पडतो व पुन्हा झाकला जातो, आणि पक्ष्यांचा दिनक्रम त्याच तालावर चालतो. मराठवाड्यातील जलाशयांत पावसाळ्यात साठलेले पाणी सिंचन, पिण्याचा पुरवठा आणि बाष्पीभवन यांमुळे पुढच्या पावसापर्यंत बहुधा उतरतच जाते. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर, जो १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला, पसरट व उथळ आहे. त्यामुळे पातळी थोडी खाली गेली तरी गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, मांजरा या जलाशयांवरही काठ असाच मागे सरकतो, आणि दुष्काळात तो नाहीसाच होतो: २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडा पडल्याने लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणून पक्षी कोठे दिसला एवढेच न लिहिता त्या दिवशी पाण्याची कड कोठे होती आणि पक्षी तिच्यापासून किती पावलांवर होता, हेही लिहिणे येथे अत्यावश्यक ठरते.

खाण्याच्या पद्धतींत या पक्ष्यांमध्ये मोठी विविधता आहे. चिखल्या व टिटवी नजरेने भक्ष्य हेरतात. काही पावले धावायचे, थबकायचे, वाकून टिपायचे, असा त्यांचा क्रम असतो. छोटा चिखल्या कधीकधी एक पाय गाळावर थरथरवतो, त्यामुळे दडलेले किडे हलतात व त्याच्या नजरेस पडतात. पाणटिवळा व पाणलावा मात्र चोचीच्या स्पर्शावर विसंबतात. त्यांच्या लांब चोचीच्या टोकाशी दाब व कंप ओळखणारी संवेदनशील रचना असते, आणि वरच्या चोचीचे टोक तेवढेच उघडता येत असल्याने गाळात रुतलेल्या चोचीनेही भक्ष्य पकडता येते. शेकाट्या लांब पायांमुळे पाण्यात खोलवर शिरून पृष्ठभागावरचे किडे टिपतो, तर उचाट्या वर वळलेली चोच डावी-उजवीकडे फिरवीत पाणी चाळतो. एका मिनिटातील टोचा मोजणे सोपे असते, पण प्रत्येक टोच म्हणजे घास नव्हे. टिलव्याने गिळलेला बारीक किडा दुर्बिणीतूनही दिसत नाही. म्हणून टोचांचा आणि खरोखर गिळताना दिसलेल्या घासांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

हद्द राखण्याचे वर्तन विणीच्या हंगामापुरते मर्यादित नसते. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेला सामान्य तुतवार बहुधा एकटाच काठाचा एखादा तुकडा धरून राहतो आणि दुसरा जवळ आल्यास त्याच्यावर धावून जातो. टिलवे मात्र थव्याने चरतात. पक्षिवर्तनाचे अभ्यासक जेरम ब्राउन यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, राखणीला लागणाऱ्या श्रमापेक्षा त्या जागेतून होणारा लाभ अधिक असेल तेव्हाच प्राणी हद्द राखतो. सरकत्या काठावर हा विचार तपासताना घाई करू नये: कालच्या जागी तुतवार दिसला नाही म्हणून त्याने हद्द सोडली असे ठरत नाही, कारण पाण्याच्या कडेबरोबर तोही सरकलेला असू शकतो. शिवाय पायात ओळखीचे कडे नसेल, तर आजचा पक्षी कालचाच आहे असे खात्रीने म्हणता येत नाही.

नोंदींसाठी प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये सुसूत्रपणे मांडलेल्या पद्धती उपयोगी पडतात. एका पक्ष्यावर ठरावीक वेळ लक्ष ठेवून त्याची प्रत्येक कृती लिहिणे ही एक. ठरावीक अंतराने संपूर्ण थव्यावर नजर फिरवून कोण चरत आहे, कोण विसावला आहे हे टिपणे ही दुसरी. केवळ लक्ष वेधणाऱ्या घटना लिहिल्या, तर भांडणे वाजवीपेक्षा अधिक आणि विश्रांती कमी दिसते. सूर्य पाठीशी ठेवून सकाळी बसणे चांगले; ऊन चढल्यावर तापलेल्या गाळावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतले चित्र फाटते. पक्ष्याने चरणे थांबवून मान ताणली की निरीक्षकाने मागे सरावे. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवरील नांगरणी, पाण्याच्या मोटारी, गुरे, कुत्री आणि वरून घिरटी घालणारा बहिरी ससाणा यांचीही वेळेसह नोंद हवी, अन्यथा थवा अचानक का उडाला हे नंतर उमगत नाही.

उन्हाळ्यात टिटवीची वीण सुरू होते, तेव्हा निरीक्षणाचे नियम अधिक कडक होतात. ती उघड्या जमिनीवरील खळग्यात बहुधा चार अंडी घालते, आणि तिने ती उंचावर घातली तर पाऊस चांगला होतो असे गावोगावी मानले जाते. कडक उन्हात ती पोटाची पिसे भिजवून आणते व अंडी गार ठेवते. निरीक्षक जवळ थांबला तर ती ओरडत घिरट्या घालत राहते, अंड्यांवर परतत नाही आणि अंडी तापतात. म्हणून घरट्याचे निरीक्षण दुपारी करीत नाहीत आणि इतर वेळीही ते दुरूनच करतात.