पिस्तूल-काडतुसाची कार्बाईन : नागरी आणि लष्करी

पिस्तुलाचे काडतूस वापरणारी, पण दस्ता खांद्याला टेकवून झाडायची आखूड बंदूक. काडतूस बहुधा ९×१९ मिमी (९ मिमी व्यासाची गोळी, १९ मिमी लांब कवच). ऑस्ट्रियाच्या गेऑर्ग लुगर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेले.

कोल्हापुरात ‘कार्बाईन’ म्हटले की वर्दीच डोळ्यांपुढे येते. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावांतून फौजेत गेलेल्यांच्या तोंडी कार्बाईन म्हणजे ९ मिमी १ए१, कानपूरला बनलेली ब्रिटिश स्टर्लिंग. बातम्यांत तिलाच सरसकट ‘स्टेनगन’ म्हणतात. खरी स्टेन ही तिची दुसऱ्या महायुद्धातली पूर्वज.

स्टर्लिंगची नळी जेमतेम २० सेंमी, मॅगझिन ३४ गोळ्यांचे, आणि चाप दाबून धरला की गोळ्यांची सर. चाप दाबेपर्यंत बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग, मागेच अडकलेला असतो. त्यामुळे मारा थांबल्यावर नळीत हवा खेळते आणि तापलेल्या नळीत काडतूस आपोआप उडत नाही. मात्र दर फैरीला जड बोल्ट पुढे धावतो आणि नेम हलतो. १९६० च्या दशकातील जर्मन एमपी ५ ही बंदूक बंद बोल्टवर चालते, म्हणजे चाप दाबण्याआधीच बोल्ट पुढे असतो, म्हणून ती अधिक अचूक.

नागरी आवृत्तीत एका चापाला एकच गोळी. बोल्ट बंद, नळी सुमारे १६ इंच. ही लांबी शास्त्राने नव्हे, अमेरिकी कायद्याने ठरवली. १९३४ च्या कायद्यामुळे आखूड नळीच्या रायफलीवर तिथे नोंदणी आणि कर आला. सध्याची मर्यादा १६ इंचांची आहे. १९८६ पासून नव्या स्वयंचलित बंदुका नागरिकांना बंद झाल्या. नळीच्या या मर्यादेमुळेच इस्रायलच्या लष्करी उझीची नळी २६ सेंमी, तर १९८० मध्ये अमेरिकेत आलेल्या नागरी उझीची ४० सेंमीच्या वर. दिसायला ती जरा विचित्रच.

लांब नळीचा फायदा मात्र बेताचा. पिस्तुलाची दारू लवकर जळून संपते, त्यामुळे गोळीचा वेग सेकंदाला शंभर मीटरांपेक्षा कमीच वाढतो. रायफलीची सर येत नाही. खरा लाभ खांद्याच्या आधाराचा आणि सौम्य झटक्याचा. चिलखती जाकिटांपुढे ही गोळी तोकडी पडू लागल्याने अनेक फौजा रायफलीच्या काडतुसाच्या आखूड कार्बाईनीकडे वळल्या. पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेने एका कार्बाईनसाठी ५.५६×३० मिमी हे मधले काडतूस निवडले. तरीही २०२१ मध्ये पुढे आलेली भारतीय ‘अस्मी’ पुन्हा ९ मिमीचीच आहे.

भारतात ही तुलना निम्मीच उरते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या चौकटीत ९ मिमी हा प्रतिबंधित बोर (नळीचा आतला व्यास) आहे आणि स्वयंचलित हत्यार तर नाहीच नाही. केंद्राच्या खास परवानगीशिवाय नागरी रकाना रिकामा. कोल्हापूर जिल्ह्यात इतर बंदुकांचा परवाना जिल्हाधिकारी देतात. राधानगरी, शाहूवाडीकडे गवे आणि रानडुकरे उसात शिरतात. तिथे शेतीसंरक्षणासाठी ठासणीची किंवा बारा बोरची बंदूक.

पिस्तूल आणि लांब बंदूक यांना एकच काडतूस, हा मेळ कोल्हापुरात सापडतो तो नेमबाजीत. राही सरनोबत यांचे २५ मीटरचे पिस्तूल, तेजस्विनी सावंत यांची २०१० ची जगज्जेती रायफल आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणारी स्वप्नील कुसाळे यांची रायफल, तिन्हींत .२२ एलआर हे एकच छोटे काडतूस. काटेकोर व्याख्येत ते बसत नाही, कारण हे काडतूस मूळचे रायफलीचे आणि पिस्तुलात ते नंतर आले.