मोबाइल कॅमेऱ्याची भिंगरचना

मोबाइलच्या पाठीवरच्या गोल काचेआड पाच ते आठ छोट्या भिंगांची चळत असते. पहिल्या भिंगापासून सेन्सरपर्यंत तिची लांबी साधारण ५ ते ८ मिमी भरते. तेवढ्या जागेत सुमारे ८० अंशांचे दृश्य सपाट सेन्सरवर कोपऱ्यांपर्यंत स्पष्ट उमटवायचे, आणि तशी भिंगे लाखोंच्या संख्येने एकसारखी निघतील अशा बेताने आखायची, हा या रचनाशास्त्राचा विषय. दुसरा भाग पहिल्याहून कठीण आहे.

सगळे गणित लांबीपाशी सुरू होते. मुख्य कॅमेऱ्यात चळतीची लांबी नाभीय अंतराच्या (दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जेवढ्या अंतरावर उमटते, त्याच्या) साधारण १.२ पट असते, ती फारशी खाली आणता येत नाही. सेन्सरचा कर्ण १२ मिमी असेल तर एवढे दृश्य टिपायला नाभीय अंतर ७ मिमीच्या आसपास लागते आणि चळत ८ मिमीच्या पुढे जाते. फोनची जाडी जेमतेम तेवढीच असल्याने कॅमेऱ्यापाशी उंचवटा येतो. नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू (२०१२) या ४१ मेगापिक्सेलच्या फोनची जाडी १३.९ मिमी होती, कॅमेऱ्यापाशी ती जवळजवळ १८ मिमी होई.

हॅरॉल्ड डेनिस टेलर यांनी १८९३ मध्ये आखलेल्या प्रसिद्ध त्रिभिंगी रचनेत काचेची तीन भिंगे होती आणि त्यांची पृष्ठे गोलीय होती, कारण काच घासून-घोटून गोलीय पृष्ठच सहज मिळते. मोबाइलची भिंगे मात्र बहुतांशी प्लास्टिकची असतात व साच्यात ओतली जातात. साचा एकदा तयार झाला की पृष्ठ कितीही वाकडेतिकडे असले तरी नगामागे खर्च वाढत नाही. म्हणून इथे झाडून सगळी पृष्ठे अगोलीय असतात. एका पृष्ठाच्या सूत्रात आठ-दहा सहगुणक (त्याचा आकार ठरवणारे आकडे) धरले तर सात भिंगांच्या चौदा पृष्ठांना शंभराहून अधिक चल येतात. जुन्या घातश्रेणीत (केंद्रापासूनच्या अंतराच्या वाढत्या घातांच्या बेरजेत) हे सहगुणक प्रचंड मोठे होऊन एकमेकांना खोडत बसतात. प्रकाशशास्त्रज्ञ ग्रेग फोर्ब्स यांनी २००७ मध्ये सुचवलेल्या बहुपदींमुळे ही अडचण बरीच कमी झाली.

प्लास्टिकची निवड तोकडी असते. काचेचे शंभराहून अधिक प्रकार मिळतात, इथे मात्र मोजकेच. एका गटाचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याची क्षमता) सुमारे १.५४ व अपस्करण (रंगांची फाकण) कमी, दुसऱ्याचा १.६५ च्या आसपास व अपस्करण भरपूर. पहिल्याची बहिर्वक्र आणि दुसऱ्याची अंतर्वक्र भिंगे जोडीला लावून वर्ण विपथन (वेगवेगळे रंग वेगवेगळ्या जागी पडण्याचा दोष) आवरतात.

सर्वांत पाहण्यासारखे भिंग म्हणजे सेन्सरलगतचे शेवटचे. मधोमध कापून पाहिले तर ते पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे दिसते: मध्यभागी अंतर्वक्र, कडेकडे बहिर्वक्र. पहिल्या भिंगातून दृश्याच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश जवळजवळ एकाच भागातून जातो. शेवटच्या भिंगापर्यंत येईतो हे झोत वेगळे झालेले असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पृष्ठाचा छोटा तुकडा येतो. त्यामुळे प्रतिमेचा मध्य, मधला पट्टा आणि कोपरा यांची दुरुस्ती बरीचशी स्वतंत्रपणे करता येते. मधला अंतर्वक्र भाग प्रतिमेचा बाक सपाट करतो. कडेचा भाग तिरप्या किरणांना थोडे सरळ करतो. तरीही कोपऱ्यात ते तीसेक अंशांनी तिरकेच पडतात, म्हणून सेन्सरवरची सूक्ष्मभिंगे केंद्राकडे थोडी सरकवून बसवलेली असतात.

आयफोन ४एस (२०११) मध्ये पाच भिंगे होती, आयफोन ७ (२०१६) मध्ये सहा, आयफोन १२ (२०२०) मध्ये सात. त्याच काळात छिद्र एफ/२.४ वरून एफ/१.६ पर्यंत (आकडा लहान तितके छिद्र मोठे) रुंदावले. याचे एक कारण विवर्तन, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे. एफ/१.८ ला हिरव्या प्रकाशाच्या बिंदूची चकती सुमारे २.४ मायक्रोमीटर व्यासाची होते, तर आजचे पिक्सेल १ मायक्रोमीटरच्या आगेमागे आहेत. छिद्र अरुंद केले तर चकती आणखी फुगते. भिंग जसेच्या तसे दहापट लहान केले की विपथनांचा (भिंगामुळे प्रतिमेत येणाऱ्या दोषांचा) पसारा दहापट घटतो, ही लहानपणाची मोठी सोय. विवर्तन मात्र घटत नाही आणि साच्यातली चूकही आपोआप घटत नाही.

साच्याचा गाभा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो, तो हिऱ्याच्या टोकाने कातून घेतात. वितळलेले प्लास्टिक साच्यात एका बाजूच्या तोंडातून शिरते व असमान थंड होते, त्यामुळे भिंग पूर्ण सममित राहत नाही. ते तोंड कापल्यावर कडेला सपाट खूण उरते. नळीत भिंगे रचताना ती खूण धरून एकेक भिंग असे फिरवतात की एकाचा दोष दुसऱ्याने झाकला जावा. एकाच साच्यात अनेक पोकळ्या असतात आणि प्रत्येकीचा दोष निराळा, म्हणून कोणत्या पोकळीतले भिंग कोणाशी जुळते याचीही नोंद ठेवतात. एखादे नाजूक भिंग दोन-तीन मायक्रोमीटर सरकले तरी एक कोपरा धूसर होतो. संगणकावर अशा चुका घालून शेकडो काल्पनिक नग तपासल्याशिवाय रचना पक्की होत नाही, आणि कागदावर थोडी उणी पण चुका सोसणारी रचना निवडणे हेच खरे कसब. तैवानमधील तैचुंगची लार्गन प्रिसिजन (१९८७) आणि चीनमधील युयाओची सनी ऑप्टिकल (१९८४) या कंपन्यांचे बळ याच कामात आहे.

वाचकालाही हे पारखता येते. भिंतीवर सपाट लावलेल्या वर्तमानपत्राचा फोन समांतर धरून फोटो घ्यावा. चारही कोपरे सारखे मंद असतील तर ती रचनेची मर्यादा. एकच मंद असेल तर भिंग कललेले किंवा सरकलेले असण्याचा संभव अधिक.

फोकससाठी सारी चळत विद्युतचुंबकाने पुढे-मागे सरकते. नाभीय अंतर ४ मिमी असेल तर अनंतापासून १० सेंमीपर्यंत येण्यास ०.१७ मिमी पुरते. तापमान एका अंशाने वाढले की प्लास्टिकचा अपवर्तनांक सुमारे ०.०००१ ने घटतो, तो फरकही यातच भरून निघतो. कडेचा अंधार व रेषांचा बाक सॉफ्टवेअर सुधारते. दूरच्या दृश्यासाठी लागणारी लांबी जाडीत मावत नाही, तेव्हा प्रिझमने प्रकाश ९० अंशांत वळवून भिंगे फोनमध्ये आडवी ठेवतात. ह्युवेई पी३० प्रो (२०१९) मध्ये अशी रचना होती.

या रचनांची पेटंटे कोणालाही मोफत वाचता येतात. साच्याचे तापमान किंवा पोकळ्यांच्या जोड्या त्यांत नसतात, पण प्रत्येक पृष्ठाची वक्रता, जाडी, अपवर्तनांक व सहगुणक तक्त्यांत दिलेले असतात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने असा एक तक्ता किरणरेखनाच्या (किरणांचा मार्ग काढणाऱ्या) संगणक-प्रणालीत भरावा आणि शेवटचे भिंग थोडे सपाट करून कोपऱ्यातले किरण कुठे जातात ते पाहावे.