सुई टोचली तर बोट पिळू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींना वॉर्डात अजूनही सांगितलं जातं: ‘सुई टोचली ना? बोट पिळ, रक्त जाऊ दे, वर स्पिरिट चोळ.’ सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण सल्ला चुकीचा आहे.

पिळल्याने विषाणू बाहेर पडतात याला पुरावा नाही, उलट तिथल्या पेशी दुखावतात. स्पिरिट, ब्लीचनेही तेच होतं. बोट तोंडात तर अजिबात घालू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, एवढंच.

धास्ती सगळ्यांना एचआयव्हीची. बाधित रक्ताची सुई टोचल्यास त्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्यांत ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून त्या लसीचे तिन्ही डोस वॉर्डात पाय ठेवण्याआधी पूर्ण व्हायलाच हवेत. कॉलेजने ते पाहिलं नसेल तर पालकांनी बेधडक विचारावं.

पिळत बसण्यात जाते ती खरी मोलाची वेळ. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्य तितक्या लवकर, जमल्यास २ तासांत सुरू करावी लागतात. ७२ तासांनंतर ती देत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा. ‘सिस्टर ओरडतील’ या भीतीने विद्यार्थिनी गप्प बसतात, हे मला फार लागतं. रात्रपाळी असली तरी इन्चार्जना तेव्हाच सांगा, नोंद करून घ्या, आणि रुग्णाच्या व स्वतःच्या रक्ताच्या तपासण्या मागा. शंका असल्यास १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं.