स्पोर्ट्स कारच्या पिढ्या आणि त्यांचे बदलते बाजारमूल्य

एकाच नावाने अनेक दशके बनत राहिलेल्या स्पोर्ट्स कारच्या निरनिराळ्या पिढ्यांना जुन्या गाड्यांच्या बाजारात निरनिराळी किंमत मिळते, आणि ही किंमत त्या पिढ्यांच्या तांत्रिक गुणवत्तेच्या क्रमाने क्वचितच चालते. नंतरची पिढी बहुधा अधिक वेगवान, अधिक सुरक्षित आणि अधिक भरवशाची असते. तरीही संग्राहक तिच्यासाठी कमी आणि आधीच्या पिढीसाठी जास्त पैसे मोजतात, असे वारंवार दिसते. या विसंगतीला अनेक कारणे आहेत, पण त्यांतले एक इतरांहून वरचढ आहे : एखाद्या पिढीचे मोल बहुतांशी तिच्या पुढच्या पिढीने काय सोडून दिले यावरून ठरते.

कारखान्याच्या लेखी सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांचा मोठा भाग नव्याने आखला गेला की पिढी बदलते. बाजाराच्या लेखी मात्र बंपर, दिवे किंवा चाकांमधले अंतर बदलले तरी सीमारेषा पडते. जुन्या वाहनांच्या क्लबांची फीव्हा ही आंतरराष्ट्रीय संघटना किमान ३० वर्षे जुन्या, मूळ रूपाला धरून जपलेल्या आणि रोजच्या प्रवासासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनाला ऐतिहासिक वाहन मानते. बाजार इतका काळ थांबत नाही.

पिढ्यांची तुलना करायला पोर्शे ९११ इतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही, कारण तिची मूळ मांडणी आणि बाह्यरेषा सहा दशकांत कधीच पूर्णपणे मोडली गेली नाही. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ही गाडी ९०१ या क्रमांकाने मांडली गेली. मधे शून्य असलेल्या तीन अंकी क्रमांकांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे तो क्रमांक ९११ झाला. मागच्या चाकांच्या पाठीमागे बसवलेले सहा सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे दोन लिटरचे इंजिन १३० अश्वशक्ती देत असे. एवढे वजन मागे असल्यामुळे वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाई, म्हणून १९६९ च्या मॉडेलपासून पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ५७ मिलिमीटरने वाढवण्यात आले. १९७४ च्या मॉडेलपासून अमेरिकेच्या सुरक्षा नियमांसाठी जाड, दबणारे बंपर आले आणि पुढचे बॉनेट आखूड झाले. याच रेषेवर बाजाराने पहिली मोठी फाळणी केली : लांब बॉनेटच्या गाड्या एका बाजूला आणि जाड बंपरच्या दुसऱ्या.

लांब बॉनेटच्या गाड्यांत १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ सर्वांच्या वर आहे. शर्यतीच्या नियमांनुसार गाडी पात्र ठरावी म्हणून तिच्या ५०० प्रती बनवायच्या होत्या; मागणी इतकी आली की १,५८० बनल्या. पातळ पत्रा, पातळ काच, २१० अश्वशक्ती आणि मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचावलेला पंख ही तिची ओळख. मूळ योजनेच्या तिपटीहून अधिक गाड्या बनूनही तिची किंमत ढळली नाही, ही गोष्ट दुर्मिळता म्हणजेच मोल असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. तिच्या लगेच नंतर जाड बंपर आले आणि तो हलकेपणा गेला; तिचे मोल त्या वियोगातून आले.

जाड बंपरच्या गाड्या १९८९ पर्यंत बनल्या. वापरायला त्या अधिक चांगल्या आहेत, कारण १९७६ च्या मॉडेलपासून त्यांचे संपूर्ण बाह्यांग जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचे होते, तर त्यापूर्वीच्या गाड्यांचा पत्रा दिव्यांच्या खोबणीपासून तळापर्यंत गंजत असे. तरीही बराच काळ त्यांना जुनी गाडी घेऊ न शकणाऱ्याची सोय एवढाच मान होता. १९८० च्या दशकात लांब बॉनेटच्या गाड्यांचे मालक आपल्या गाडीला नवे बंपर आणि रुंद मडगार्ड बसवून ती नवी दिसावी अशी खटपट करत. पुढे १९८० च्या दशकातल्या गाड्यांचे बंपर उतरवून त्यांना १९७० च्या आसपासचे रूप देण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. पत्रा तोच, कारागिरीही तीच, पण ओढ नेमकी उलट दिशेला वळली. आज या दोन्ही प्रकारच्या बदलांपेक्षा मूळ रूपात राहिलेल्या गाडीलाच सहसा जास्त भाव मिळतो.

यापुढच्या ९११ च्या पिढ्या कंपनीच्या अंतर्गत क्रमांकांनी ओळखल्या जातात. त्यांतली १९८९ ची ९६४ बाहेरून आधीच्या गाडीसारखी दिसत असली, तरी तिचे सुमारे ८५ टक्के भाग नवे असल्याचे कंपनी सांगत असे : ३.६ लिटरचे २५० अश्वशक्तीचे इंजिन, चारही चाकांना शक्ती देण्याची सोय, पॉवर स्टिअरिंग, ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि चाकांचे हादरे सोसायला पिळल्या जाणाऱ्या सळ्यांऐवजी स्प्रिंग. या पिढीकडे बाजाराने दीर्घकाळ पाठ फिरवली. जुन्याच्या चाहत्यांना ती फार नवी वाटली आणि नव्याच्या चाहत्यांना तिची पाठची भावंड ९९३ अधिक रेखीव वाटली. पुढे कॅलिफोर्नियातील सिंगर या संस्थेने ९६४ हाच पाया धरून अत्यंत महागड्या पुनर्रचित गाड्या बनवायला घेतल्या आणि सर्वच हवेने थंड होणाऱ्या ९११ ना मागणी वाढली, तेव्हा या दुर्लक्षित पिढीचे भावही अनेक पटींनी चढले. ९९३ ला मात्र फार वाट पाहावी लागली नाही. १९९८ मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि हवेने थंड होणारी शेवटची ९११ हे स्थान तिला आपोआप मिळाले.

त्यानंतरच्या ९९६ चे नशीब याच्या बरोबर उलटे आहे आणि माझ्या मते तिच्यावर अन्यायच झाला आहे. प्रदूषण व आवाजाचे नियम कडक होत होते आणि प्रत्येक सिलिंडरला चार झडपा बसवायच्या तर हवेचे शीतन पुरेसे नव्हते, म्हणून इंजिन पाण्याने थंड करणे अटळ होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी आर्थिक संकटात सापडली होती. कंपनीप्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांच्या नेतृत्वाखाली टोयोटाच्या पद्धतीने उत्पादनाची फेरआखणी झाली आणि खर्च वाचवण्यासाठी ९९६ चा पुढचा भाग, दिव्यांसह, कंपनीच्याच स्वस्त बॉक्स्टर गाडीशी सामाईक ठेवला गेला. कंपनीला सावरणाऱ्या गाड्यांपैकी ही एक. पण गोल दिवे गेले, हवेचे शीतन गेले, आणि खरेदीदारांनी तिला त्या दोन्हींबद्दल माफ केले नाही.

त्यात एका खऱ्या दोषाची भर पडली. या इंजिनातला मधला शाफ्ट, ज्याच्यामार्फत झडपांचे शाफ्ट फिरतात, एका टोकाला बंदिस्त बॉल बेअरिंगवर टेकलेला असतो. कालांतराने बेअरिंगचे सील झिजते, आतले ग्रीस इंजिनच्या तेलाने धुऊन निघते आणि गोळ्या कोरड्या पडत जातात. बेअरिंग फुटले की झडपांचा मेळ चुकतो आणि पिस्टन झडपांवर आदळून संपूर्ण इंजिन निकामी होते. म्हणून जाणता खरेदीदार तेलाचा फिल्टर कापून त्याचा कागद उलगडतो आणि घड्यांमध्ये धातूचे चकचकीत कण अडकले आहेत का ते उजेडात पाहतो. असे नुकसान थोड्याच गाड्यांचे झाले, पण धास्तीची वजावट सगळ्यांच्याच किमतीतून झाली. याच पिढीतील टर्बो आणि शर्यतीच्या धाटणीची जीटी३ या महागड्या प्रकारांची इंजिने पोर्शेचे अभियंते हान्स मेत्सगर यांच्या शर्यतीच्या इंजिनांच्या परंपरेतली असून त्यांत हा दोष नाही. त्यांच्या आणि साध्या कॅरेराच्या किमतींमधले अंतर त्यामुळेच इतके मोठे राहिले.

पुढच्या पिढीने काय सोडले यावर किंमत ठरते याची सर्वांत स्वच्छ चाचणी २०१६ च्या ९११ आर या गाडीने दिली. २०१३ च्या जीटी३ मधून कंपनीने हाताने बदलायचा गिअर पूर्णपणे काढून टाकला होता. त्यानंतर तो गिअर असलेली ९११ आर केवळ ९९१ प्रतींत आली आणि तिची मागितली जाणारी किंमत मूळ किमतीच्या कित्येक पटींवर गेली. २०१७ मध्ये कंपनीने जीटी३ ला हाताचा गिअर पुन्हा देऊ केला, आणि ९११ आर चे भाव स्पष्टपणे उतरले. गाडीत काडीचाही बदल झालेला नव्हता. फक्त जे गेले असे लोकांना वाटले होते ते परत आले होते.

इतर घराण्यांतही हाच नियम थोड्याफार फरकाने दिसतो. १९६१ मध्ये जिनिव्हात सादर झालेल्या जॅग्वार ई-टाइपच्या सुरुवातीच्या ३.८ लिटरच्या गाड्यांचा पहिला गिअर आवाज करत पडे, ब्रेक दुबळे होते आणि सपाट तळामुळे पाय ठेवायला जागा अपुरी होती. १९६४ च्या ४.२ लिटरच्या गाडीने या बहुतेक उणिवा दूर केल्या आणि १९७१ मध्ये तर बारा सिलिंडरांचे इंजिन आले. किंमत मात्र पहिल्या गाड्यांना अधिक मिळते, कारण काचेखाली झाकलेले दिवे आणि सडसडीत पुढचा भाग नंतर राहिला नाही. १९६३ च्या कॉर्व्हेट या अमेरिकन गाडीची मागची काच मधोमध एका पट्टीने दुभागलेली होती. मागचे नीट दिसत नाही अशी तक्रार झाल्याने १९६४ मध्ये अखंड काच आली आणि काही मालकांनी आपल्या १९६३ च्या गाडीची पट्टी कापून नवी काच बसवून घेतली. आज त्या पट्टीसाठीच लोक जास्त पैसे देतात. फेरारीने १९९७ मध्ये एफ३५५ ला स्टिअरिंगमागच्या कळांनी चालणारा गिअर दिला, तेव्हा ग्राहकांनी त्यासाठी जादा रक्कम मोजली. आता धातूच्या खाचांत फिरणारा हाताचा गिअर असलेली गाडीच वरचढ ठरते.

पिढी ठरल्यानंतर एकेका गाडीची किंमत तिच्या अस्सलपणावर ठरते. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, इंजिनावर ठोकलेला क्रमांक आणि कारखान्याच्या नोंदी यांचा मेळ बसला तर तिला मॅचिंग नंबरची गाडी म्हणतात. अंकांचे ठसे, त्यांची खोली, त्यांच्याभोवतीच्या धातूवर घासल्याच्या खुणा आहेत का, हे सारे भिंगाखाली तपासले जाते, कारण दुसरे इंजिन बसवून त्यावर जुना क्रमांक ठोकणे हा या बाजारातला जुना अपराध आहे. नव्याने रंगवून चकाचक केलेल्या गाडीपेक्षा मूळ रंगाचा, थोडा फिकटलेला पत्रा अलीकडे अधिक मोलाचा ठरू लागला आहे, आणि हा बदल स्वागतार्ह आहे, कारण रंग पुन्हा देता येतो, पण पहिला रंग पुन्हा आणता येत नाही.

या सर्वांवर अर्थकारणाची भरती-ओहोटी चालते. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाल्यावर फेरारींच्या किमती बेफाम चढल्या आणि १९९० नंतर कोसळल्या. २००८ च्या मंदीनंतर व्याजदर खाली राहिल्याने पैसा पुन्हा गाड्यांकडे वळला. केवळ ३६ बनलेल्या फेरारी २५० जीटीओ एकेकाळी जुन्या शर्यतीच्या गाड्या म्हणून काही हजार डॉलरला विकल्या जात; त्यांतली एक २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. खरेदीदारांच्या वयाचाही हात असतोच : माणूस तारुण्यात ज्या गाडीचे चित्र भिंतीवर लावतो, ती तो हाती पैसा आल्यावर शोधतो. त्यामुळे १९९० च्या दशकातल्या जपानी गाड्या वर आल्या. कायदाही आड येतो किंवा साथ देतो. अमेरिकेत २५ वर्षे जुनी गाडी सुरक्षेच्या नियमांतून सुटते, म्हणून तेथे कधी न विकल्या गेलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आरच्या एकेका पिढीची मागणी त्या मुदतीच्या सुमारास उसळते.

किमतींची तुलना करताना लिलावाचे आकडे जपून वाचावे लागतात. जाहीर होणाऱ्या रकमेत खरेदीदाराकडून घेतले जाणारे, साधारणपणे दहा ते बारा टक्क्यांचे शुल्क बहुधा धरलेले असते, त्यामुळे विक्रेत्याच्या हाती पडलेली रक्कम त्याहून कमी असते. विक्रेत्याने ठरवलेल्या किमान म्हणजे राखीव किमतीपर्यंत बोली न पोहोचल्याने परत गेलेल्या गाड्या सरासरीत येत नाहीत, म्हणून उतरत्या बाजारात सरासरी प्रत्यक्षापेक्षा वर दिसते. शिवाय लिलावात निवडक गाड्या येतात. साध्या, पुष्कळ चाललेल्या गाड्या मालकांमध्ये परस्पर विकल्या जातात आणि त्यांचे व्यवहार कोणत्याच तक्त्यात उतरत नाहीत.